निळ्या शाईतला वाहक

डॉक्टर पांढरीपांड्यांनी केसपेपर माझ्यापुढे सरकवला, त्यावर आपलं निळं पेन आडवं ठेवलं आणि उठून खोलीचं दार लोटून घेतलं.

"एकच शब्द लिहायचा आहे," ते म्हणाले. "वाहक या शब्दाच्या आधी. व्यवसाय. पुढे दोन टिंबं. बस."

केसपेपर देवाजी कोडापे यांचा होता. वय एकेचाळीस, एसटीत कंडक्टर. सहा दिवसांपूर्वी, मंगळवारी, उजव्या डोळ्याला मार लागून ते आमच्या दवाखान्यात भरती झाले होते. शनिवारी पट्टी काढली तेव्हा त्या डोळ्याला उजेड आहे की अंधार एवढंच कळत होतं. केसपेपरच्या उजव्या कोपऱ्यात माझ्या अक्षरात एक शब्द होता, 'वाहक'. तो त्यांचा व्यवसाय म्हणून मी लिहिलेला नव्हता, आणि हे त्या खोलीतल्या दोघांनाही पक्कं ठाऊक होतं.

मी पेनाला हात लावला नाही. माझी कानशिलं तापली होती. माणसाचा डोळा जातो आणि हा गृहस्थ मला दोन टिंबं द्यायला सांगतो, असं मनात येत होतं. या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली, तरी तो राग अजून निवलेला नाही. फक्त तो त्या दिवशी सकाळी जिथे होता तिथे आता नाही. कुठे गेला, ते सांगण्यासाठीच हे लिहिते आहे.

मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होते. वैनगंगेच्या काठच्या एका तालुक्याच्या गावात धर्मादाय संस्थेचा डोळ्यांचा दवाखाना होता आणि तिथे एक मोठा अभ्यास चालू होता. आमच्या भागात सिकलसेल घरोघरी. ज्याच्या रक्तात हा आजार आईबाप दोघांकडून येतो, त्याच्या रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक शिरांत अडकतात. तो आजारी. ज्याला एकाचकडून येतो, तो वाहक. वाहकाला सहसा काही होत नाही, तो धडधाकट असतो. पण अशा रक्ताचा डोळ्यांवर काय परिणाम होतो, हे कोणी नीट पाहिलेलं नव्हतं. पांढरीपांडे सरांनी ते मनावर घेतलं. तीन वर्षं खेटे घालून परवानग्या आणल्या, डोळ्याच्या पडद्याचे फोटो काढणारा कॅमेरा आणला, गावोगावी शिबिरं भरवली. माणूस हुशार, हात सोन्याचा. म्हाताऱ्या बायका त्यांच्या पायाला हात लावायच्या. हे मी मुद्दाम सांगते, कारण ते वाईट असते तर माझं काम सोपं झालं असतं.

मी त्या अभ्यासाची समन्वयक होते. लोकांना अभ्यास समजावून संमती घ्यायची, रक्त तपासायला पाठवायचं, रिपोर्ट आला की माणसाला बसवून त्याचा अर्थ सांगायचा. त्याला आमच्या भाषेत समुपदेशन म्हणायचे. आणि अभ्यासातला कोणी कधी दवाखान्यात आला तर त्याच्या केसपेपरच्या उजव्या कोपऱ्यात लाल शाईने लिहायचं, आजारी की वाहक की निरोगी. हा नियम सरांनीच घातलेला. लाल दिसलं की डॉक्टरने थांबायचं आणि विचार करायचा.

माझं लाल पेन त्या मंगळवारच्या तीन आठवडे आधी संपलं होतं. स्टोअरमध्ये मी दोनदा चिठ्ठी पाठवली. परदेशातून कॅमेरा आला, पण तालुक्यातून लाल पेन काही आलं नाही. मी बाजारातून आणू शकले असते. चौकात दुकान होतं. आणलं नाही. मागितलंय तर त्यांनी द्यावं, हा माझा ताठा.

मंगळवारी दुपारी देवाजीभाऊंना ड्रायव्हरनेच आणून सोडलं. एका बाईचं पोतं बसच्या टपावर ट्यूबच्या रबरी पट्टीने बांधलेलं होतं. ते सोडवायला हे वर चढले आणि पट्टी सुटून सपकन उजव्या डोळ्यावर बसली. अंगावर खाकी गणवेश, खांद्याला तिकिटांची पेटी तशीच. बुबुळासमोर रक्ताचा थर साचला होता, पेल्याच्या तळाशी सरबत राहावं तसा. मी त्यांना ओळखलं. वर्षभरापूर्वी डेपोत आम्ही शिबिर घेतलं होतं, त्यात त्यांचं रक्त तपासलेलं होतं. मी कपाटातून रजिस्टर काढलं, नाव शोधलं आणि केसपेपरच्या कोपऱ्यात निळ्या पेनाने लिहिलं, वाहक. मग बॅग भरली आणि दोन दिवसांच्या शिबिराला नदीपलीकडे निघून गेले.

पुढचं मला नंतर वॉर्डातल्या उईके सिस्टरने सांगितलं. संध्याकाळच्या राउंडला सर आले. पलंगावर खाकीतला माणूस, उशाशी तिकिटांची पेटी, केसपेपरवर निळ्या अक्षरात वाहक. सर हसून म्हणाले, "या वाहकसाहेब, इथे मात्र तिकीट आम्ही फाडणार." सगळे हसले. देवाजीभाऊही हसले. सरांनी डोळ्याचा दाब मोजला. तो वाढलेला होता. दाब उतरवायच्या पांढऱ्या गोळ्या लिहिल्या, दिवसातून तीनदा. दुसऱ्या कोणाला त्याच गोळ्यांनी आराम पडला असता. पण सिकलसेलच्या रक्तात, मग ते वाहकाचं का असेना, त्या गोळीने पेशी जास्तच वाकतात. समोरचं रक्त निचरत नाही, दाब वाढत जातो आणि डोळ्याची नस मरते. आमच्या अभ्यासाच्या नियमांत चौथ्या पानावर हे ठळक अक्षरात छापलेलं होतं. ते पान सरांनीच लिहिलेलं.

शुक्रवारी सकाळी मी परतले आणि सवयीने वॉर्डात डोकावले. देवाजीभाऊ भिंतीकडे तोंड करून पडले होते. त्यांची बायको सगुणाबाई त्यांचे पाय चेपत होती. ती मला म्हणाली, "बाई, दोन दिवसांपासून डोकं धरून उलट्या करून राह्यले. डोळा फुटून जाईन म्हन्तात." मी पलंगाला अडकवलेला गोळ्यांचा तक्ता उचलला. गोळीचं नाव वाचलं, चौथ्या पानावरचंच.

मी धावतच ओपीडीत गेले. सर कोणाचा तरी डोळा तपासत होते. मी त्यांच्या कानाशी सांगितलं. त्यांच्या हातातली बॅटरी विझली नाही, ती नुसती पेशंटच्या गालावर उजेड पाडत राहिली. मग ते उठले. गोळ्या बंद झाल्या, दुपारी ऑपरेशन करून साचलेलं रक्त धुऊन काढलं. हात नेहमीसारखेच स्थिर होते. पण तीन दिवस गेले होते. शनिवारी पट्टी काढली आणि सरांनी डोळ्यासमोर बोटं धरली. देवाजीभाऊ म्हणाले, "काही नाही जी. नुसता उजेड आहे."

सरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि सांगितलं की मार फार जोरात बसला होता, आपण सगळे प्रयत्न केले. सगुणाबाईने हात जोडले. ते जोडलेले हात पाहून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दोन दिवस मी जेवले नाही. घरात आईवर खेकसले, भांडी आपटली. सरांना समोर धरून मनातल्या मनात काय काय सुनावलं. तुम्ही हसलात. माणूस दुखत पडलेला असताना तुम्ही कोटी केलीत, आणि त्या कोटीत त्याचा डोळा गेला.

आणि सोमवारी हे. लोटलेलं दार, निळं पेन, दोन टिंबं.

"याने काय होईल, सर?" मी विचारलं.

त्यांनी शांतपणे समजावलं. अभ्यासातल्या माणसाला इजा झाली की नीतिसमितीला कळवावं लागतं. केसपेपरवर 'वाहक' असताना ती गोळी दिली असं दिसलं तर अभ्यास त्याच दिवशी बंद होईल. अडीच हजार माणसांची तपासणी व्हायची होती. दीडशे आजारी पोरांच्या पडद्यावर उपचार चालू होते, ते थांबतील. उलट तो शब्द नुसता व्यवसाय म्हणून लिहिलेला दिसला, तर रक्ताचा रिपोर्ट कपाटात राहून गेला, कारकुनी गफलत झाली, एवढंच ते लिहितील. कोणाचं नाव येणार नाही.

"कारकून मीच आहे, सर."

"म्हणूनच सांगतोय. नाव येऊ नये म्हणून. नाहीतर समिती पहिला प्रश्न काय विचारेल? लाल शाई कुठे होती? नियम लेखी आहे, विशाखा. लाल असतं तर मी थांबलो असतो."

हे खरं होतं, आणि त्यामुळेच जास्त झोंबलं. मी चिठ्ठ्या पाठवल्याचं सांगितलं. ते म्हणाले, चिठ्ठ्या कोण वाचतं.

"आणि त्यांच्या डिस्चार्ज कार्डावर काय लिहायचं?"

"मार लागल्यामुळे दृष्टी गेली. खोटं आहे का?"

"उद्या डाव्या डोळ्याला काही झालं तर? दुसऱ्या दवाखान्यात तीच गोळी दिली तर?"

सरांनी फाइल उघडली आणि वर्षापूर्वीचा एक फॉर्म माझ्यासमोर धरला. त्यावर 'समुपदेशन झाले' या ओळीसमोर बरोबरची खूण होती आणि खाली माझी सही. "तूच त्यांना बसवून सांगितलेलं आहेस की ते वाहक आहेत. त्यांना माहीत आहे. डाव्या डोळ्याची काळजी तू तेव्हाच घेतलीस."

मी त्या सहीकडे पाहिलं. मला हायसं वाटलं, हे कबूल करते. खरंच की, त्यांना माहीत होतं. कार्डावर नसलं तरी त्यांच्या डोक्यात होतं. मग एका शब्दाने त्यांचं काय जाणार होतं? मला नोकरी हवी होती, आणि लाल शाईची भीती वाटत होती. मी पेन उचललं आणि लिहिलं, व्यवसाय. दोन टिंबं दिली. अक्षर नेहमीसारखंच वळणदार आलं. सर हलकेच म्हणाले, "शहाणी आहेस," आणि मला त्यांचा इतका संताप आला की मी पेन तिथेच टेबलावर टाकून बाहेर पडले. लिहिलं मी आणि संतापले त्यांच्यावर. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय.

डिस्चार्ज चार वाजता होता. त्याआधी केसपेपरवर पेशंटची सही घ्यायची असते. ते कामही माझंच.

देवाजीभाऊ आंघोळ करून, खाकी शर्ट घालून पलंगावर बसले होते. उजव्या डोळ्यावर हिरवा कपडा. सगुणाबाई पिशवीत ताटली-वाटी भरत होती. मी केसपेपर आणि पेन पुढे केलं आणि खाली बोट दाखवलं. त्यांनी सही केली नाही. कागद दोन्ही हातांनी धरला, खिडकीच्या उजेडात तिरका केला आणि डाव्या डोळ्याजवळ नेला. अठरा वर्षं रोज संध्याकाळी डेपोत वेबिल भरून देणारा माणूस तो, दिवसभराच्या तिकिटांच्या हिशेबाचा कागद. कागद वाचल्याशिवाय सही करणं त्याच्या हाताला माहीतच नव्हतं.

"मॅडम," ते म्हणाले, "हा वाहक शब्द आधी लिहिला आहे, आन् हे व्यवसाय मागून लिहिलं आहे. शाई दुसरी आहे. हे पाहा, हे थोडं जांभळं मारते."

मी कागद परत घ्यायला हात पुढे केला, पण त्यांनी तो सोडला नाही.

"आमचा चेकर असता तं इथंच धरलं असतं," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, नुसती कामातली माहिती सांगावी तसं. "वेबिलात कायपन मागून घुसवलं का सस्पेंड. चुकलं तं चुकलं. आडवी एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाह्यजे अशी. वर बरोबर काय ते लिहायचं, बाजूले सही आन् तारीख. मंग कोनी काही म्हनत नाही."

मग त्यांनी कागद खाली घेतला. "पन मी म्हन्तो, घुसवलं कायले? लिहिलं तं खरंच आहे. व्यवसाय, वाहक. आहोच मी."

मी पलंगाच्या कडेला बसले. "भाऊ, तो वाहक नाही. तो रक्तातला वाहक. मागच्या वर्षी डेपोत मी तुम्हाला सांगितलं होतं ना."

"काय सांगितलं होतं?"

"की तुम्ही वाहक आहात."

ते माझ्याकडे पाहत राहिले. एका डोळ्याने माणूस पाहतो तेव्हा मान थोडी वळवून पाहतो, ते त्यांना अजून नीट जमत नव्हतं.

"हो. तुम्ही टेबलामागं बसल्या होत्या," ते सावकाश म्हणाले. "मले म्हन्लं, कोडापे भाऊ, तुम्ही वाहक आहात, घाबरायचं काही नाही. मी म्हन्लं, ते तं मी सतरा वर्सांपासून आहो, त्यात घाबरू कायले. तं तुम्ही हसल्या."

मला आठवलं. सगळंच्या सगळं आठवलं. डेपोतली विश्रांतीची खोली, बाहेर हॉर्न, माझ्यापुढे तीस-चाळीस माणसांची रांग. त्यांचं ते वाक्य मला फार गमतीचं वाटलं होतं. मी मनापासून हसले होते, आणि हसता हसताच फॉर्मवर बरोबरची खूण केली होती. समुपदेशन झाले. आणि हाक मारली होती, पुढचे या. घरी जाऊन आईलासुद्धा सांगितलं होतं, आज एका कंडक्टरने काय भारी विनोद केला.

त्यांनी विनोद केलेला नव्हता.

दोन दिवस मी ज्या माणसाला मनातल्या मनात फाडून खात होते त्याने जी कोटी केली, तीच कोटी वर्षभर आधी मी ऐकली होती आणि तिच्यावर हसले होते. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणतात. माझं मुसळ तर माझ्या सहीनिशी फाइलीत लागलेलं होतं. त्यांना हसण्याच्या ऐवजी एकदा विचारलं असतं, भाऊ, कशाचा वाहक, तर मंगळवारी हाच माणूस सरांना म्हणाला असता, डॉक्टरसाहेब, माझ्या रक्तात ते आहे बरं का. लाल शाई नसती तरी चाललं असतं. माणूसच बोलला असता.

मी त्यांना तिथे बसून सगळं सांगितलं. रक्तातला दोष, विळ्यासारख्या पेशी, ती गोळी, तीन दिवस. कोणी हसलं तेही सांगितलं, दोघांचं. सगुणाबाईच्या हातातली ताटली पिशवीत न जाता मांडीवरच राहिली. देवाजीभाऊ ऐकत होते. मग म्हणाले, "म्हंजे मारानं नाही गेला."

"नुसत्या मारानं गेला नसता."

"आन् या डोळ्यालेबी तेच होऊ शकते."

"ती गोळी दिली तर, हो."

मला वाटलं ओरडतील. ओरडावं असंच मला वाटत होतं. त्यांनी केसपेपर माझ्या मांडीवर ठेवला आणि पेन माझ्या हातात दिलं.

"तुमच्यावर राग नाही असं मी म्हनत नाही," ते म्हणाले. "लय आहे. पन तो मंग पाहू. आधी रेघ मारा."

मी 'व्यवसाय' या शब्दावर आडवी एक रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. वर लिहिलं, 'रक्तात सिकलसेल वाहक. ही नोंद भरतीच्या दिवशीच केलेली होती. व्यवसाय हा शब्द आज मागाहून लिहिला.' बाजूला सही, तारीख, वेळ. मग ऑफिसात जाऊन फाइलीतला माझा जुना फॉर्म काढला. 'समुपदेशन झाले' यावर रेघ मारली आणि वर लिहिलं, 'झाले नाही. वाहक या शब्दाचा अर्थ सांगितला नाही.' सही, तारीख, वेळ. अक्षर काही वळणदार आलं नाही. समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात दोन्हींच्या प्रती काढल्या, वॉर्डात जाऊन त्या देवाजीभाऊंच्या हातात दिल्या, आणि मूळ कागद घेऊन सरांच्या खोलीत गेले. दार मी लोटलं नाही, उघडंच ठेवलं.

सरांनी दोन्ही कागद वाचले. चष्मा काढला. "माझ्यावरचा हा कागद ठीक आहे," ते म्हणाले. "पण हा दुसरा कागद कोणी मागितला होता? त्याच्याकडे कोणी बघितलंसुद्धा नसतं. तू स्वतःच्या हाताने स्वतःचा गळा कापून घेतलास."

"हो."

"आणि त्या दीडशे पोरांचं काय?"

हा प्रश्न मला आजही पडतो. मी म्हटलं, "सर, आपण दोघंही हसलो. तुम्ही एकदा, मी एकदा. तो माणूस एकदाही हसवायला बोलला नव्हता." त्यांनी कागद माझ्याकडे परत केले नाहीत, पण फाडलेही नाहीत. तेवढं श्रेय त्यांना देते. कदाचित झेरॉक्सचं दुकान त्यांनाही माहीत होतं.

महिनाअखेर मला कामावरून कमी केलं. अभ्यास पाच महिने बंद राहिला, मग पुन्हा सुरू झाला. पुढे त्याचा निबंध छापून आला, तो मी मिळवून वाचला. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात एक ओळ होती. नोंदीतील संदिग्धतेमुळे एका सहभागी व्यक्तीच्या एका डोळ्याची दृष्टी बाधित झाली. संदिग्धता. देवाजी कोडाप्यांच्या डोळ्याला त्यांनी एवढा गुळगुळीत शब्द शोधून काढला. मी ते पान चुरगळलं, मग पुन्हा सरळ केलं आणि ठेवून दिलं. आपल्याला रागवायचा हक्क अर्धाच आहे हे ठाऊक असलं की नीट रागावताही येत नाही, आणि त्याचाच सगळ्यात जास्त राग येतो.

मी आता एका आरोग्य केंद्रात सिकलसेलचंच काम करते. रिपोर्ट सांगितला की मी समोरच्याला म्हणते, आता तुम्ही मला सांगा, मी काय सांगितलं. तो सांगेपर्यंत खूण करत नाही. रांग कितीही असो. माझ्या हाताखालच्या मुली वैतागतात.

गेल्या उन्हाळ्यात कामानिमित्त त्या तालुक्याला जाणं झालं. बसस्टँडवर चौकशीच्या खिडकीत विचारायला वाकले, तर आत देवाजीभाऊ. एका डोळ्याच्या माणसाला गाडीवर ठेवत नाहीत, त्यांना खिडकीत बसवलं होतं. केस पिकलेले. त्यांनी मान वळवून मला पाहिलं, ओळखलं, आणि शेजारच्याला खिडकी सांभाळायला सांगून बाहेर आले. चहा मागवला. इकडचं तिकडचं बोलणं झालं. दोन वर्षांपूर्वी खेळताना नातवाचं डोकं डाव्या डोळ्यावर आपटलं होतं, म्हणाले. परगावच्या दवाखान्यात तरुण डॉक्टरने तीच गोळी लिहिली. यांनी पाकिटातून घडी घातलेली, प्लास्टिकमध्ये घालून चिकटवलेली झेरॉक्स काढली आणि त्याच्यापुढे ठेवली. त्याने ती दोनदा वाचली आणि लिहिलेली गोळी खोडली.

"त्याले म्हन्लं, खोडू नका, रेघ मारा," देवाजीभाऊ म्हणाले.

मी विचारलं, माझ्यावरचा राग गेला का.

"नाही," ते म्हणाले. "थोडा आहे. असू द्या, तेवढ्यानं लक्षात राह्यते." मग कपातला शेवटचा घोट घेऊन त्यांनी कप बाकावर ठेवला. "आता मले कोनी म्हन्लं न, का तुम्ही वाहक आहा, तं मी पह्यले विचारतो, कायचा?"

ते हसले. मी हसले नाही.